रांगेचा हिशेब

जून महिना उजाडला की आपल्या समाजातील कितीतरी घरांतील एकेक खोली रिकामी होते. सोलापूर, सांगली, लातूर, जालना अशा गावांतील पेढीवर वाढलेली मुले-मुली शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस जातात आणि वसतिगृहाच्या आश्रयास राहतात. घरी असेतोवर मळलेला कपडा टोपलीत टाकावा आणि दोन दिवसांनी तो घडी होऊन कपाटात यावा, यापलीकडे त्या कपड्याच्या प्रवासाची त्यांना फारशी माहिती नसते. वसतिगृहातील पहिल्याच रविवारी तो सारा प्रवास त्यांच्यासमोर उभा राहतो. धुलाईच्या खोलीत तीन यंत्रे असतात, तिन्हींत कोणाचे तरी कपडे असतात आणि दारात बादल्यांची रांग लागलेली असते. एका यंत्राची धुलाई केव्हाच संपलेली असते. पण ज्याचे कपडे आत आहेत, तो नाश्त्याला गेलेला असतो. परक्याच्या ओल्या कपड्यांना हात लावावा की न लावावा, या संकोचात अर्धा तास निघून जातो.

विषय किरकोळ वाटेल. परंतु समाजाच्या वसतिगृहांचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्तांसमोर अलीकडे हाच विषय निर्णयासाठी येऊ लागला आहे. मुंबईचे श्री महावीर जैन विद्यालय १९१५ मध्ये स्थापन झाले. दक्षिण महाराष्ट्रातील जैन बोर्डिंगांची परंपराही शंभर वर्षांहून जुनी आहे. त्या काळी दगडी धोबीघाट, विहीर आणि गच्चीवरची दोरी एवढ्यावर काम भागत असे. आज यंत्रे पुरवणाऱ्या कंपन्या ‘स्मार्ट लाँड्री’ या नावाने प्रस्ताव घेऊन येतात: यंत्रे आमची, जागा-पाणी-वीज तुमची, आणि विद्यार्थी मोबाइलवरून वेळ राखून पैसेही मोबाइलवरूनच भरतील. अशा कागदावर सही करण्यापूर्वी व्यापारी घराण्यातील माणसाने जे करायला हवे तेच आपण येथे करू. आधी हिशेब मांडू आणि मग मालाची पारख करू.

समजा, वसतिगृहात १२० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकजण आठवड्यातून दोनदा कपडे धुतो. म्हणजे आठवड्याला २४० धुलाया, दिवसाला सरासरी ३४. यंत्रे तीन आहेत आणि ती सकाळी ८ ते रात्री ८ अशी बारा तास चालतात. एका धुलाईस ४० मिनिटे लागतात; ती संपल्यावर मालक येऊन कपडे काढीपर्यंत आणखी २० मिनिटे जातात असे धरू. एका फेरीला एक तास म्हणजे एका यंत्राच्या दिवसाला १२ फेऱ्या, तीन यंत्रांच्या ३६. गरज ३४ ची आणि क्षमता ३६ ची, म्हणजे ताळेबंद कसाबसा जुळतो. आता या तासाकडे बारकाईने पाहावे. त्यातील एक तृतीयांश वेळ यंत्र काहीच काम करीत नाही. धुतलेले कपडे पोटात घेऊन नुसते उभे असते. ‘धुलाई संपली’ अशी सूचना मालकाला वेळेवर मिळाली आणि २० मिनिटांची ही उभी वेळ ५ मिनिटांवर आली, तर फेरी ४५ मिनिटांची होते आणि त्याच बारा तासांत १२ च्या जागी १६ फेऱ्या बसतात. तीन यंत्रे चार यंत्रांचे काम करू लागतात. एकही नवे यंत्र न घेता क्षमतेत एक तृतीयांश वाढ होते. या तंत्रज्ञानाच्या बाजूने सांगता येण्याजोगा सर्वांत भक्कम मुद्दा हाच होय.

मात्र हिशेब येथे थांबवला तर तो अपुरा राहील. कारण २४० धुलाया सातही दिवस समान वाटलेल्या नसतात. त्यांतील एक तृतीयांश, म्हणजे ८०, एकट्या रविवारी होऊ पाहतात. सुधारलेल्या वेगानेही तीन यंत्रे दिवसाला ४८ धुलायाच करू शकतात. म्हणजे सूचना वेळेवर मिळूनही रविवारची रांग संपत नाही. उलट इतर सहा दिवस यंत्रांपुढे सरासरी २७ धुलायांचेच काम येते. रांगेचे मूळ यंत्रांच्या संख्येपेक्षा एकाच दिवशी होणाऱ्या गर्दीत अधिक आहे. ती गर्दी पांगवायची असेल, तर आधी वेळ राखण्याची सोय हवी आणि कोणता वेळ मोकळा आहे हे खोलीत बसून दिसले पाहिजे. मंगळवारी दुपारी धुणाऱ्याला थोडा कमी दर आणि रविवारी सकाळी धुणाऱ्याला पूर्ण दर, ही तर आपल्याच बाजारातली जुनी रीत आहे. हंगामात भाव चढा आणि मंदीत सूट, हे व्यापाऱ्याच्या मुलांना नव्याने शिकवावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट विश्वस्तांच्या ध्यानी असावी. धुण्याच्या यंत्राला वेग दिला आणि सुकवण्याचे यंत्र संथच राहिले, तर सारा वेग दारात अडतो. तीन यंत्रे ४५ मिनिटांच्या फेरीने तासाला चार धुलाया बाहेर काढतात. सुकवण्यास प्रत्येक वेळी एक तास लागत असेल, तर सुकवणारी यंत्रे चार हवीत. ती दोनच असली की धुतलेले कपडे पुन्हा धुण्याच्या यंत्रातच पडून राहतात आणि मोबाइलवरची सूचना व्यर्थ जाते. महाराष्ट्रात पावसाळा सोडला तर गच्ची, ऊन आणि दोरी हे सुकवण्याचे उत्तम आणि बिनखर्ची साधन आहे. तेव्हा यंत्रांचा विचार करताना गच्चीवरच्या दोऱ्या आणि पावसाळ्यासाठी छपराखालची हवेशीर जागा यांचाही विचार त्याच बैठकीत व्हावा.

ही कल्पना आली कोठून, हेही जाणून घेण्यासारखे आहे. ती कंपन्यांच्या आधी विद्यार्थ्यांना सुचली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९८० च्या दशकाच्या प्रारंभी शीतपेयाचे एक यंत्र होते. जिने उतरून खाली जावे आणि यंत्र रिकामे निघावे, किंवा नुकतीच भरलेली कोमट बाटली हाती यावी, याला कंटाळून तेथील विद्यार्थ्यांनी ते यंत्र संगणकाला जोडले. कोणत्या रांगेत बाटल्या शिल्लक आहेत आणि कोणती बाटली तीन तास आत राहून थंड झाली आहे, हे जागेवर बसून कळू लागले. १९९१ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत संशोधकांनी कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावला, तोही याच कारणासाठी. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आले आणि २००१ पर्यंत जगभरातील लोक ते भांडे पाहत राहिले. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या ‘रँडम हॉल’ वसतिगृहातील रहिवाशांनी तर आपली धुलाईची यंत्रे मोकळी आहेत की चालू, हे संगणकावर दाखवणारी व्यवस्था स्वतःच उभी केली. या तिन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच होता: सामायिक वस्तू आत्ता मोकळी आहे का, हे तेथवर न चालता कळावे. आजचे सारे ‘स्मार्ट’ प्रस्ताव या साध्या प्रश्नाचाच विस्तार आहेत.

यंत्र चालू आहे हे दूरवरून कळते तरी कसे? त्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात विजेच्या तारेभोवती एक छोटा चिमटा बसवतात. तारेतून किती प्रवाह जातो हे तो मोजतो. दुसऱ्या मार्गात यंत्राच्या अंगावर कंपन मोजणारा सेन्सर चिकटवतात. तिसऱ्या मार्गात यंत्राचा स्वतःचाच मेंदू किती मिनिटे उरली हे सांगतो. हा मार्ग सर्वांत अचूक, पण नव्या आणि महागड्या यंत्रांतच उपलब्ध असतो. पहिले दोन मार्ग जुन्या यंत्रांनाही जोडता येतात आणि स्वस्त पडतात. त्यांत एक अडचण मात्र आहे. कपडे भिजत असताना मोटार मध्येच थांबते. प्रवाह उतरला म्हणून लगेच ‘संपले’ असे जाहीर केले तर सूचना खोटी ठरते. म्हणून चांगली व्यवस्था काही मिनिटे वाट पाहून मगच निर्णय देते. त्याहून महत्त्वाचे असे की, ‘धुलाई संपली’ आणि ‘यंत्र मोकळे झाले’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. आत कपडे आहेत की नाहीत, हे प्रवाह सांगत नाही, कंपनही सांगत नाही; त्यासाठी दाराची उघडझाप टिपावी लागते. प्रस्ताव घेऊन येणाऱ्या गृहस्थांना हा एक प्रश्न विचारला, तरी त्यांच्या मालाची बरीच पारख होते.

अशा व्यवस्थेचा आणखी एक लाभ आहे, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. प्रत्येक फेरीची नोंद आपोआप राहते, म्हणजेच यंत्राचा रोजमेळ तयार होतो. एखादे यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊ लागले, तर ते पूर्ण बंद पडण्याआधीच दुरुस्ती करून घेता येते. पाण्याचाही हिशेब राहतो. समोरून दार उघडणारे यंत्र एका धुलाईस साधारण ४० ते ६० लिटर पाणी घेते, मग त्यात चार कपडे असोत वा चौदा. ज्या यंत्रांत वजनानुसार पाणी घेण्याची सोय असते, त्यांतही अर्ध्या भाराला निम्म्याहून बरेच अधिक पाणी लागते. आठवड्याला २४० धुलाया ५० लिटरप्रमाणे धरल्या तर १२,००० लिटर होतात. दोन मित्रांनी आपापले अर्धे भार एकत्र करून दहा धुलाया वाचवल्या, तरी ५०० लिटर वाचतात. पाणी गाळून आणि मोजून वापरण्याचा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घरांतील मुलांना हा आकडा दिसला पाहिजे. विजेचेही तसेच आहे. कपडे गरम पाण्यात धुताना बहुतेक वीज पाणी तापवण्यातच खर्च होते. रोजच्या घामाच्या कपड्यांना साधे पाणी पुरते.

आता दुसरी बाजू पाहू. मोबाइलवरून पैसे भरण्याचे दोन प्रकार असतात. एकात प्रत्येक धुलाईचे पैसे यूपीआयने त्या-त्या वेळी भरले जातात. दुसऱ्यात आधी ठरावीक रक्कम कंपनीच्या खात्यात जमा करावी लागते आणि मग त्यातून वजावट होते. किमान भरणा २०० रुपयांचा असेल, तर १२० विद्यार्थ्यांचे २४,००० रुपये पहिल्याच दिवशी बिनव्याजी कंपनीच्या हाती जातात. वर्षअखेर मुले वसतिगृह सोडतात, तेव्हा कोणाचे ३० तर कोणाचे ७० रुपये खात्यात अडकून राहतात. एवढ्याशा रकमेसाठी कोणी पाठपुरावा करीत नाही, आणि नेमक्या याच गोष्टीवर काहींचा धंदा चालतो. दुसऱ्याची अनामत ही अनामतच असते. ती परत देण्याची रीत आणि मुदत करारात स्पष्ट लिहिलेली असावी.

सुरक्षिततेचा प्रश्नही काल्पनिक नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील दोन विद्यार्थ्यांना धुलाईयंत्रांच्या एका मोठ्या जाळ्यात त्रुटी सापडली. खात्यात एकही डॉलर नसताना यंत्र सुरू करता येत होते, आणि खात्यावर लाखो डॉलर असल्याचे दाखवताही येत होते. कारण मोठे बोलके आहे. पैसे आहेत की नाहीत, याची तपासणी ग्राहकाच्या मोबाइलमधील ॲपच करीत होते आणि कंपनीचा मुख्य संगणक त्या उत्तरावर डोळे मिटून विश्वास ठेवीत होता. गिऱ्हाइकानेच पावती लिहावी आणि गल्ल्यावरच्या मुनीमाने ती न पाहता स्वीकारावी, असाच हा प्रकार. त्या दोघांनी ही गोष्ट जानेवारीतच कंपनीला कळवली, परंतु बराच काळ उत्तर आले नाही. मे महिन्यात बातमी प्रसिद्ध झाल्यावर चर्चा झाली. दहा लाखांहून अधिक यंत्रे चालवणाऱ्या कंपनीची ही कथा. आपल्या मुला-मुलींसाठी यातला बोध दुहेरी आहे. फुकट धुलाई हाती असतानाही त्यांनी दोष मालकाला कळवला, हे त्या विद्यार्थ्यांचे सचोटीचे वर्तन; आणि तक्रार येऊनही तिची दखल न घेणे, हे व्यवहाराचे अपयश. तक्रार कोणाकडे करायची आणि किती दिवसांत उत्तर मिळणार, हे कलमही करारात असावे.

माहितीच्या गोपनीयतेचा विचार मुलींच्या वसतिगृहात विशेष काळजीने व्हावा. कोण किती वाजता खोलीबाहेर येते आणि धुलाईच्या खोलीत किती वेळ असते, ही नोंद अशा व्यवस्थेत सहज तयार होते. यंत्र चालवण्यासाठी नाव, जन्मतारीख किंवा मोबाइलमधील संपर्कांची यादी लागण्याचे काहीच कारण नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरते. अकरावी-बारावीचे विद्यार्थी ज्या वसतिगृहात राहतात, त्यांच्या विश्वस्तांनी हे विसरू नये. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ॲपमध्ये नावाऐवजी केवळ क्रमांक ठेवणे, आणि कोणाचा कोणता क्रमांक याची यादी वसतिगृहाच्या गृहपालांकडेच राहणे.

आणि ज्याच्याजवळ मोबाइलच नाही त्याचे काय? अनेक वसतिगृहांत अभ्यासाच्या काळात मोबाइल गृहपालांकडे जमा असतो. काही विद्यार्थी शिष्यवृत्तीवर शिकत असतात; त्यांचा मोबाइल जुना असतो, कधी त्यात शिल्लकही नसते. सोय करताना त्यांना रांगेच्या अगदी टोकाला ढकलणारी व्यवस्था समाजाच्या वास्तूत शोभणार नाही. दारावर एक साधा फलक, त्यावर प्रत्येक यंत्रासाठी हिरवा वा लाल दिवा, आणि पैशांसाठी मोबाइलऐवजी चालणारे एक कार्ड, एवढी पर्यायी सोय मागितली तर कंपन्या देऊ शकतात. न मागता मात्र सहसा कोणी देत नाही.

या सर्वांत एका माणसाचा उल्लेख कोणत्याही प्रस्तावात नसतो. बहुतेक जुन्या वसतिगृहांशी एखादे परीट कुटुंब वर्षानुवर्षे जोडलेले असते. कोणत्या विद्यार्थ्याचा सदरा कोणता, हे त्यांना खुणेवरून कळते. महिनाअखेर पैसे नसले तर ते पुढच्या महिन्यावर ढकलतात. यंत्रे आली की त्यांचे काम एका दिवसात संपते. यंत्र आणू नये असे येथे म्हणायचे नाही. पण इस्त्री यंत्र करीत नाही, घडी यंत्र घालीत नाही, आणि धुलाई संपल्यावर कपडे बाहेर काढून त्या-त्या क्रमांकाच्या टोपलीत ठेवण्यासही माणूस लागतोच. वर हिशेबात धरलेली ती २० मिनिटे सूचनेने कमी होतील, पण तेथे जबाबदार माणूस उभा असेल तर ती जवळजवळ नाहीशीच होतील. धुलाईच्या खोलीचा व्यवस्थापक म्हणून त्याच कुटुंबातील व्यक्तीची नेमणूक आणि इस्त्रीचे काम त्यांच्याकडेच, अशी अट विश्वस्तांना घालता येते. ज्यांनी वसतिगृहाचे कपडे इतकी वर्षे धुतले, त्यांचा विचार नव्या व्यवस्थेच्या खर्चात धरला गेलाच पाहिजे.

पालकांसाठीही दोन शब्द. मुलगा वा मुलगी वसतिगृहात जाण्यापूर्वीच्या महिन्यात घरी त्यांचे कपडे त्यांनीच धुवावेत. रंगीत आणि पांढरे वेगळे करणे, खिसे तपासणे, साबणाचे प्रमाण राखणे, भार पूर्ण झाल्यावरच यंत्र लावणे, या गोष्टी कोणतेही ॲप शिकवीत नाही. साबण जास्त टाकला की कपडा अधिक स्वच्छ होतो हा भ्रम आहे. जादा साबण धाग्यांत अडकतो आणि खळबळायला पाणी अधिक लागते. आणि आपले कपडे वेळेवर काढून दुसऱ्यासाठी यंत्र मोकळे करणे, हा शिष्टाचार तर घरीच अंगवळणी पडावा. आठवण मोबाइल करून देईल. खोलीतून उठून जायचे आपल्यालाच असते. परदेशी जाणाऱ्या मुलांना हे अधिकच आवश्यक आहे, कारण तेथील वसतिगृहांत अशी सामायिक धुलाई हीच सर्वसाधारण रीत आहे आणि हाताशी परीट नाही.

अखेरीस विश्वस्त-मंडळींना एक व्यवहारी सूचना. कोणताही करार करण्यापूर्वी धुलाईच्या खोलीच्या दारात दोरीला बांधलेली एक साधी वही आणि पेन्सिल ठेवावी. यंत्र लावल्याची वेळ, धुलाई संपल्याची वेळ आणि कपडे काढल्याची वेळ, असे तीन रकाने पुरेत. पंधरा दिवस प्रत्येक विद्यार्थ्याने आपली नोंद त्यात करावी आणि सोळाव्या दिवशी बैठकीत ती वही उघडावी. उभी वेळ मोठी दिसली, तर सूचना देणारा स्वस्त सेन्सर पुरेल. रविवारची गर्दी मोठी दिसली, तर वेळ राखण्याची सोय आणि दरातील फरक हवा. तो तर वहीवरही करता येतो. दोन्ही ठीक असूनही रांग दिसली, तरच नवे यंत्र घ्यावे. कदाचित असेही घडेल की पंधरा दिवस नोंद ठेवता ठेवताच मुले वेळेवर येऊ लागतील आणि रांग निम्म्याने कमी होईल. तसे झाले, तर वसतिगृहाच्या खर्चात केवळ एका वहीची भर पडेल, आणि कंपनीच्या गृहस्थांना चहा पाजून पुढच्या वर्षी भेटू असे सांगता येईल.